खऱ्या मापाचं पाऊल

मी एक जुना लेझर प्रिंटर आहे. मुळात माझा रंग दुधासारखा पांढरा होता, आता तो म्हाताऱ्या दातांसारखा पिवळा पडला आहे. एका छोट्या दुकानाच्या मागच्या खोलीत, लोखंडी मांडणीच्या सगळ्यात खालच्या फळीवर मी बसून असतो. माझ्या पाठीवर जुन्या कागदांचे दोन गठ्ठे आणि एक बिघडलेला पंखा ठेवलेला आहे. वजनाची माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, कागद पाठीवर वाहणं वेगळं आणि पोटातून ऊब घेऊन बाहेर पाठवणं वेगळं. त्या दुसऱ्या कामासाठी माझा जीव अजून तुटतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. निळ्या टोप्या घातलेल्या बायका दोन्ही बाजूंना बसलेल्या होत्या आणि मी एकीच्या हातून दुसरीच्या हाती सरकत होतो. कुणी चाकं बसवली, कुणी तारा जोडल्या, एकीनं माझ्या पोटात तापणारा रूळ बसवला. टेबलाच्या शेवटी एक तपासनीस होता. त्यानं मला वीज दिली आणि मी आयुष्यातला पहिला कागद छापला. त्यावर नुसत्या रेघा आणि ठिपके होते. त्यानं तो उजेडाकडे धरला, समाधानानं मान हलवली आणि चुरगाळून टोपलीत टाकला. काम चांगलं केलं तरी कागद टोपलीत जातो हे पाहून मला फार वाईट वाटलं होतं. पुढे कळलं की कागद आमच्याकडे कधी राहतच नाही. राहिलाच, तर तो अडकलेला असतो आणि लोक त्याला ओढून काढतात.

मला ज्या दुकानात आणलं, त्याच्या मालकाला सगळे जुळारीकाका म्हणत. जुळारी म्हणजे शिशाची एकेक अक्षरं हातानं उचलून, ओळीत लावून, छापायचं पान तयार करणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात तेच काम केलं. छापखाना बंद झाला तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा, म्हणाले, शिंगं मोडून वासरांत शिरतो. त्यांच्या भाचीला संगणकावरची जुळणी येत होती. तिनं त्यांना शिकवलं, संगणक मांडून दिला, त्याच्या उजवीकडे मला बसवलं आणि डावीकडे चित्रं टिपणारा एक सपाट स्कॅनर ठेवला.

जुळारीकाकांचा हात नव्या कामात लवकर बसला. लग्नपत्रिका, प्रबंध, दुकानांच्या पाट्यांचे मजकूर, शाळेची हस्तलिखितं, सगळं ते डोळ्यांत तेल घालून करत. एखाद्या काना-मात्रेसाठी अख्खं पान पुन्हा काढत. त्यांना भीती फक्त एका गोष्टीची वाटे. पान तयार झालं की छापण्याआधी पडद्यावर एक चौकट उघडते. कागद केवढा, आडवा की उभा, किती प्रती, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, शाई भरपूर की जपून, असे पाच-पन्नास प्रश्न तिच्यात असतात. जुळारीकाका त्या चौकटीसमोर परीक्षेला बसल्यासारखे बसत. छापखान्यात हे सगळं त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. इथे बोटांना विचारणारं कुणी नव्हतं.

एकदा एका प्रबंधाच्या शेवटच्या ओळी कडेला कापल्या गेल्या. तेव्हा भाचीनं चौकटीत 'कागदात बसवा' असं लिहिलेल्या जागी खूण केली आणि सांगितलं, "मामा, ही खूण कायम ठेव. मग काहीच कापलं जाणार नाही."

त्यांनी ती कायम ठेवली. मीही त्या खुणेला मान दिला. तिच्यामुळे खरंच कधी काही कापलं गेलं नाही.

अशाच एका गुरुवारी एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलीला घेऊन दुकानात आली. बाई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करायची, गुरुवारी तिची सुट्टी असे. मुलीला घरात भिंगरी म्हणत आणि ते नाव तिला शोभत होतं. दुकानात शिरल्यापासून ती एका जागी उभी राहिली नाही. तिचे बाबा मालवाहू बोटीवर आचारी होते. नुकतेच गेले होते ते, आणि अकरा महिन्यांनी परतणार होते. बोटीवर प्रत्येक बंदरात कुठलं तरी परक्या भाषेतलं वर्तमानपत्र येतं, घरची बातमी मात्र येत नाही, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. म्हणून भिंगरीनं ठरवलं होतं की आपणच बाबांसाठी वर्तमानपत्र काढायचं. महिन्यातून एकदा, चार पानांचं, अगदी खरं छापलेलं.

आई जरा ओशाळून म्हणाली की पोरीचा हट्ट आहे, एकच प्रत लागेल, तुमचा वेळ फुकट जाईल. जुळारीकाकांनी स्टूल पुढे ओढलं, भिंगरीला त्यावर बसवलं आणि संपादकाला विचारावं तसं गंभीरपणे पहिली बातमी कोणती म्हणून विचारलं.

पहिली बातमी अशी होती: मांजरीला तीन पिल्लं झाली. एक शेजारच्यांनी नेलं. आई म्हणते उरलेली दोनसुद्धा पुष्कळ आहेत.

शेवटच्या पानावर मात्र बातमी नव्हती. बाबांनी लिहिलं होतं की फोटोत तू केवढी झालीस ते कळत नाही, फोटोत सगळंच लहान दिसतं. तेव्हा दर महिन्याला कागदावर पाऊल ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवून पाठव. परत येताना त्याच मापाचे बूट आणीन. भिंगरीनं तिथेच चप्पल काढली. आई खाली वाकली आणि पेन्सिल फिरवू लागली. गुदगुल्या झाल्यामुळे करंगळीपाशी रेघ वाकडी गेली, ती तशीच राहू दिली. जुळारीकाकांनी तो कागद स्कॅनरवर ठेवला, पाऊल पडद्यावर घेतलं आणि चौथ्या पानावर उभं लावलं. टाच तळाशी, अंगठा वर. ते जेमतेम मावलं. मग त्यांनी मला हुकूम दिला.

एकाच कागदाच्या दोन्ही बाजूंना चार पानं छापून मधोमध घडी घालायची होती. कागद उलटताना त्यांचा घोटाळा झाला आणि आतली दोन पानं डोक्यावर उभी राहिली. भिंगरी इतकी हसली की आईलाही हसू आवरेना. बोटीवर माणूस कधीकधी उलटासुलटा होतोच, त्यामुळे बाबांना चालेल, असं तिचं मत पडलं. जुळारीकाकांना ते चाललं नाही. त्यांनी कागद आखूड कडेवर उलटून पुन्हा घातला, आणि अंक सरळ निघाला. माझ्यातून बाहेर आलेला तो कोमट कागद भिंगरीनं गालाला लावला. मित्रांनो, मी हजारो कागद छापले, पण त्याआधी कुणी माझा कागद गालाला लावला नव्हता.

त्यानंतर दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्या दोघी येऊ लागल्या. अंक पाकिटात घालून आई बोटीच्या कंपनीच्या कचेरीत देई आणि तो पुढच्या बंदरात बाबांना मिळे. मला तो गुरुवार कळत असे. त्या दिवशी जुळारीकाका सकाळीच माझं झाकण पुसत आणि चांगल्या जाड कागदाची चळत माझ्या खणात घालत. दात पडला, दात आला, नळ बिघडला, आईला धुलाईघरात मुकादम केलं, अशा बातम्या मी छापल्या. आणि प्रत्येक अंकाच्या शेवटी एक पाऊल. असे दहा अंक निघाले.

मग बाबा आले.

ते आल्यानंतरच्या गुरुवारी तिघंही दुकानात आले. बाबा उंच होते आणि दारातून येताना सवयीनं वाकले. भिंगरीच्या पायांत लाल बूट होते, वर पट्टा आणि पितळी बक्कल. बाबांनी सांगितलं की शेवटच्या बंदरात त्यांनी दुकानदाराकडून बूट मागवून एकेक करत दहाव्या अंकावर ठेवून पाहिला, आणि मुली वाढतात म्हणून थोडा मोठाच घेतला. ते सांगताना त्यांचा आवाज फुलून आला होता. भिंगरी म्हणाली, "बरोबर बसलेत." आणि ती बाकावर जाऊन बसली.

जुळारीकाकांना तेवढ्यावरून कळलं. जी मुलगी वर्षभर या दुकानात कधी आपण होऊन बसली नव्हती, ती आल्या आल्या बसली होती. त्यांनी तिच्याजवळ जाऊन, बक्कल बघू दे असं म्हणत, बूट हळूच काढला. टाचेवर फोड आला होता आणि मोज्याला रक्ताचा डाग पडला होता. पायाची बोटं आत दुमडून लाल झाली होती. दोन दिवस ती तशीच वावरत होती, आणि आईनं विचारलं तेव्हा नवे बूट सगळ्यांनाच चावतात म्हणून सांगून मोकळी झाली होती.

बाबा तिच्यासमोर उकिडवे बसले. रागावले नाहीत. त्यांनी तिचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं आणि दुमडलेली बोटं एकेक करून सरळ केली. नंतर आईला म्हणाले, "एका महिन्यात एवढी वाढली ही. मी कितीही घाई केली तरी मागेच राहणार."

भिंगरी रडू लागली. ती म्हणत होती की मी अजून थोडे दिवस घातले तर ते सैल होतील.

खरं सांगतो, त्या क्षणी जुळारीकाका गप्प बसले असते तरी चाललं असतं. मुलं वाढतात, बूट लहान होतात, यात कुणाला नवल वाटलं नसतं. पण एका महिन्यात पाऊल एवढं वाढतं हे त्यांना पटत नव्हतं, आणि मापाच्या बाबतीत जुळाऱ्याचं मन मानत नाही. त्यांनी बाबांकडून दहावा अंक मागून घेतला. बाबांनी ते सगळे अंक मेणकापडात गुंडाळून छातीच्या खिशात ठेवले होते. मग काकांनी कपाटात जपून ठेवलेल्या मूळ कागदांतून आईनं पेन्सिलीनं काढलेलं दहाव्या महिन्याचं पाऊल काढलं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली आणि पोलादी पट्टी लावली. मूळ पाऊल एकोणीस सेंटिमीटर आणि सात मिलिमीटर. माझं छापलेलं साडेअठरा.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग पहिला अंक मोजला, मधला मोजला. सगळे लहान. पान कागदात कडेपर्यंत भरलेलं होतं आणि मला अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. त्यामुळे त्या भल्या खुणेनं दर वेळी अख्खं पान थोडंसं आक्रसवून कागदात बसवलं होतं. अक्षरं बारीक झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही, पाऊल बारीक झाल्याचंही आलं नाही. दहाव्या अंकातलं पाऊल तर तिच्या पहिल्या महिन्याच्या खऱ्या पावलापेक्षाही लहान होतं. बाबांना समुद्रावर जी मुलगी मिळत होती, ती खऱ्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे होती.

मला तेव्हा पोटात कागद अडकल्यासारखं झालं. मला जे सांगितलं तेच मी छापलं होतं, आणि तरीही दहाच्या दहा वेळा मी खोटं छापलं होतं.

जुळारीकाकांनी पट्टी खाली ठेवली. तीस वर्षं केसाइतकाही फरक न पडू दिलेल्या माणसाला हे बोलणं किती जड गेलं असेल, याचा विचार करा. ते बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मुलगी एका महिन्यात वाढली नाही. कागदावर तिला लहान मी केलं."

बाबांना आधी समजलं नाही. काकांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले. एका रेघेच्या आत दुसरी रेघ दिसत होती, मोठ्या वाटीत छोटी वाटी ठेवावी तशी. बाबा बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मला उशीर झाला नव्हता?"

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही वेळेवर आलात. माप चुकलं."

बाबा बाकावर बसले आणि त्यांनी चेहरा पुसला. मला वाटलं ते चिडतील. ते हसले. थोडंच, पण हसले. भिंगरीनंही रडणं थांबवलं, कारण मोठ्या माणसानं चूक कबूल केलेली ती पहिल्यांदाच बघत होती आणि तो प्रकार तिला फार रंजक वाटला. तिनं काकांना विचारलं की आता तुम्हाला कोण ओरडणार. काका म्हणाले की भाचीला बोलावतो, ती ओरडेल.

आणि मग त्यांनी चौकट उघडली. 'कागदात बसवा'ची खूण पुसली. मापाच्या जागी शंभर टक्के लिहिलं. पानांचे समास वाढवले, पाऊल उभं लावलं होतं ते तिरकं फिरवलं, म्हणजे कडेला न टेकता ते पूर्ण मापानं मावेल. प्रत्येक पावलाखाली बरोबर दहा सेंटिमीटरची एक रेघ ओढली. छापून झालं की ती रेघ मोजायची. ती दहा भरली तरच पाऊल खरं. पहिल्या अंकापासून दहाव्या अंकापर्यंत सगळं पुन्हा जुळवलं. दोन तास लागले. आई भिंगरीच्या टाचेला पट्टी बांधून परत आली तरी काम चालूच होतं.

बाबा माझ्याजवळ स्टूल घेऊन बसले होते. एकेक कागद बाहेर आला की ते काकांची पोलादी पट्टी घेत, रेघ मोजत आणि कागद टेबलावर मांडत. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, तिसरं. शेजारी शेजारी ठेवल्यावर प्रत्येक पाऊल आधीच्या पावलापेक्षा किंचित मोठं दिसत होतं. पाचव्यात अंगठा रुंद झालेला, आठव्यात टाच भरलेली. जे अकरा महिने त्यांनी पाहिले नव्हते, ते माझ्यातून एकेक करून बाहेर येत होते आणि ते प्रत्येकावर तळवा ठेवून बघत होते. दहावा कागद आला तेव्हा त्यांनी भिंगरीला उचललं आणि तिचं पट्टी बांधलेलं पाऊल त्यावर ठेवलं. रेघ चारी बाजूंनी जुळली.

लाल बूट शेजारच्या धाकट्या मुलीला मिळाले.

बाबा पुन्हा बोटीवर गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. अंक निघतच राहिले. पुढे कागद मोठा घ्यावा लागला. भिंगरीला बातम्या सांगायची लाज वाटू लागली, मग ती स्वतःच संगणकावर लिहू लागली आणि काका बाजूला बसून फक्त काना-मात्रा बघू लागले. छापण्याआधी मात्र तीही चौकटीतल्या खुणा मोठ्यानं वाचायची आणि काका एकेकीला होकार द्यायचे. तिच्या चौदाव्या वर्षी तीन महिने पाऊल तेवढंच राहिलं. तेव्हा तिनं अंकात लिहिलं की माझी पावलं आता वाढायची थांबली आहेत, तुम्हाला माप ठाऊक झालं आहे, पुढच्या अंकापासून त्या जागी कोडं देईन.

त्यावर बाबांचं पत्र आलं, ते तिनं दुकानात वाचून दाखवलं. एवढंच होतं त्यात: "कोडं आतल्या पानावर दे. पाऊल वाढत नसलं तरी छाप. ते मी बुटांसाठी मागत नव्हतो."

भिंगरीनं पत्र घडी घालून ठेवलं, चप्पल काढली आणि कागदावर उभी राहिली. आता पेन्सिल ती स्वतःच फिरवत असे.

आणखी तीन वर्षांनी बाबांना किनाऱ्यावरच्या एका उपाहारगृहात काम मिळालं आणि ते कायमचे घरी आले. अंक बंद झाला. ज्याच्यासाठी छापायचं तो माणूस जेवायला समोर बसू लागल्यावर वर्तमानपत्र कुणाला हवं? मला आनंद झाला, खरंच झाला. पण मित्रांनो, शेवटचा गुरुवार आला की माझ्या आत काहीतरी तापू लागे आणि तसंच निवत असे. त्यांची वाट पाहणं संपलं, माझं सुरू झालं.

नंतर जुळारीकाकांची नजर मंदावली. दुकान भाचीनं घेतलं आणि रंगीत छापणारं मोठं यंत्र आणलं. तिचा दोष नाही, लोकांना रंग हवे असतात. काका काही दिवस दुपारी येऊन बसत आणि उठताना माझ्या झाकणावर हात ठेवत. पुढे ते यायचे थांबले. कुणी मला कारण सांगितलं नाही, आणि यंत्राला विचारता येत नाही. मला मागच्या खोलीत हलवलं. तिथूनही मला नव्या यंत्राचा आवाज ऐकू येतो. ते फार भराभर छापतं. चौकटीतल्या खुणा मोठ्यानं वाचण्याचा आवाज मात्र मी इतक्या वर्षांत पुन्हा ऐकला नाही.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. छापण्याचा हुकूम देण्याआधी क्षणभर थांबा आणि त्या चौकटीतलं सगळं वाचा. सोयीची म्हणून कुणीतरी केलेली खूण आपल्याही सोयीची असेलच असं नाही. कागद दूर कुणाकडे जाणार असेल, तर पट्टी घेऊन एकदा मोजा, कारण तिकडच्या माणसाकडे मोजायला तेवढा एकच कागद असतो. आणि चूक झालीच, तर उजेडात धरून दाखवा. आम्ही यंत्रं सांगितलं तेवढंच करतो. चूक कबूल करणं तुमच्याच हातात आहे.

आणि कधी एखाद्या मागच्या खोलीत माझ्यासारखं कुणी दिसलं, तर त्याला वीज देऊन बघा. लगेच काही झालं नाही म्हणून निघून जाऊ नका. आम्हा जुन्यांना तापायला जरा वेळ लागतो. तेवढं थांबा.